आकाशाचा दिवस

माझी बायको योग शिकायला लागली, पण माझ्याकडं नाही, दुसरीकडं. गोष्ट एवढीच आहे, आणि एवढ्याशा गोष्टीनं मी वर्षभर आतल्या आत भाजत राहिलो.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. लातुरातल्या एका हायस्कूलच्या मैदानावर माझी सगळी नोकरी गेली. कवायत, खो-खो, सूर्यनमस्कार. आजही रस्त्यानं जाताना पोट सुटलेला एखादा गडी मोटारसायकल थांबवतो आणि पाया पडून म्हणतो, "सर, तुम्ही मला उन्हात उभं केलं होतं." तो हे कौतुकानं सांगतो, मीही कौतुकानं ऐकतो. निवृत्त झाल्यावर मी आमच्या कॉलनीतल्या महादेवाच्या देवळापुढं, फरशीवर, सकाळचा मोफत वर्ग सुरू केला. कॉलनीतले बरेच जण यायचे. आसनं मोजून, शिट्टीवर, एकदम. एकाचा हात वर आणि दुसऱ्याचा खाली असला की मला चालायचं नाही.

बायकोही त्या वर्गाला आली होती, अगदी सुरुवातीला. तिचे गुडघे धरले होते, झोप लागत नव्हती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून तर घरात नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. मी म्हटलं, चल, मी बरी करतो तुला. चार-सहा दिवस आली आणि यायची बंद झाली. विचारलं तर म्हणाली, "मला जमत न्हाई." मी आळस समजलो आणि सोडून दिलं.

मग एका सकाळी मी वर्ग आटोपून घरी येतो, तर ती पंजाबी ड्रेस घालून, काखेत चटईची गुंडाळी घेऊन दारात उभी. लग्नापासून मी तिला साडीशिवाय कशातच पाहिलं नव्हतं.

"कुठं निघालीस?"

"योगाला."

"योगाला? मग मी आत्ता काय करून आलो?"

"तुमचं तुमच्यापाशी," ती म्हणाली. "तिथं एक बाई शिकवतात. मार्केट यार्डाच्या अलीकडं. पंचतत्त्वाचा योग हाय."

"पंच काय?"

पण ती कठडा धरून जिना उतरायलाही लागली होती. मी वरूनच म्हणालो, "गुडघा वाकवू नको उतरताना." तिनं मान वर केली नाही.

ती शिकवणारी बाई म्हणजे एका आडत्याची सून. पोरगीच म्हणायची, तिशीतली. म्हैसूरला जाऊन शिकून आली होती. खाली तूर-सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी आणि वरच्या मजल्यावर हिचा हॉल. तिचं म्हणणं असं की शरीर पाच तत्त्वांचं आहे, तर आठवड्याचे पाच दिवस एकेका तत्त्वाला द्यायचे. सोमवारी पृथ्वी, म्हणजे उभं राहायची आसनं, पाय जमिनीत रोवून. मंगळवारी पाणी, म्हणजे एकातून दुसरं आसन असं वाहत जायचं. बुधवारी अग्नी, पोटाचे व्यायाम आणि दिव्याकडं एकटक बघणं. गुरुवारी वायू, श्वास. आणि शुक्रवारी आकाश. शुक्रवारी काय करता, असं मी विचारलं तर बायको म्हणाली, "काही न्हाई. बसतो."

"बसायला मार्केट यार्डापर्यंत जायला लागतं?"

"हाव," ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

मी चेष्टा करायचो. चेष्टा हे माझं जुनं हत्यार. म्हणायचो, तुमच्या बाईंना सांग, लातुरात जलतत्त्व टँकरनं येतं. दुसऱ्या दिवशी ती येऊन म्हणाली, "सांगितलं. लई हसल्या सगळ्या." माझा टोमणा घेऊन ती गेली आणि तिथल्या बायकांबरोबर हसून आली. त्या हसण्यात मी नव्हतो. तो टोमणा मला दिवसभर सलत राहिला.

आणि ती बरी व्हायला लागली, हे तर त्याहून सलणारं. अंगणात तुळशीपाशी जी हातभर माती मोकळी आहे, तिथं ती सकाळी अनवाणी उभी राहायची, डोळे मिटून. पाणी उभ्यानं पीत नसे, बसून, घोट घोट. जिना उतरताना कठड्यावरचा हात सुटला. तिला झोप लागायला लागली. अंथरुणाला पाठ टेकली की लगेच तिचा श्वास लांब आणि सारखा व्हायचा आणि मी शेजारी जागा, तो मोजत. बायकोच्या झोपेचा हेवा करणारा माणूस मी कुठं ऐकला नव्हता. तो आमच्याच घरात निघाला.

माझ्या वर्गातली माणसं विचारायची, "सर, काकू कुठं जातात?" मी काहीतरी सांगायचो. पण गाव लहान आहे. आधी आमच्या समोरच्या घरातली बाई तिकडं गेली, मग तिची जाऊ, मग तिचा नवरा. हा नवरा म्हणजे विमा कंपनीतून निवृत्त झालेला, माझा रोजचा चहाचा सोबती. त्यानं मला देवळाच्या पायरीवर बसवून सांगितलं, "सर, राग मानू नका. तिथं जरा शांत वाटतं."

"शांत वाटायला आपण काय आजारी आहोत?" मी म्हणालो.

तो हसला नाही. फरशीवरच्या रांगा विरळ झाल्या. मी मोजायचो तेव्हा माझाच आवाज देवळाच्या भिंतीवर आपटून परत यायचा.

एका शुक्रवारी बायको चष्मा घरी विसरली. तिला तिथं चष्म्याचं काही काम नव्हतं, हे मलाही कळत होतं. तरी मी तो खिशात घातला आणि स्कूटर काढली. पोत्यांच्या थप्पीमागून जिना वर जातो. वर गेलो तर दार अर्धं उघडं. आत बऱ्याच बायका आणि थोडे बाप्ये भिंतीकडेनं बसलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले. एक जण सारखा मांडी बदलत होता, कुणी मान खाजवत होतं. मधोमध माझी बायको. पाठ ताठ, पण ताठ केलेली नाही, आपोआप ताठ. डावा तळहात पुढं, उघडा. ती हलत नव्हती. इतक्या वर्षांत कितीतरी पोरांना मी 'हलू नका' म्हणून ओरडलो असेन, पण इतकं न हललेलं माणूस माझ्या मैदानावर मी पाहिलं नव्हतं.

मी दाराआड उभा राहिलो. सत्र संपल्यावर त्या बाईनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, "काकू, हे बसणं तुम्ही कुठं शिकलात? मला हे शिकवता येत नाही कुणाला."

बायको लाजली. म्हणाली, "माझ्या अव्वानं, आईनं शिकवलं. उदगीरला, लहानपणी. हातावर गळ्यातलं इष्टलिंग घेऊन बसायचं आन नजर ढळू द्यायची न्हाई. रोजचंच हाय."

रोजचंच. म्हणजे माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. आम्ही दोघंही लिंगायत. पूजा मीही करतो, पण माझी पूजा म्हणजे आंघोळ झाली, भस्म लावलं, लिंगाला बेल वाहिला आणि शाळेची वेळ झाली. ती मात्र माझ्यामागून बसायची ती बसूनच राहायची. मी पेपर घेऊन तिच्यासमोरून जायचो, मोजे शोधायचो, 'चहा झाला का' म्हणून ओरडायचो. आणि ती तेव्हा हे करत होती. माझ्या घरात एवढी मोठी चीज होती, ती मला दिसली नाही, आणि काल-परवा आलेल्या त्या पोरीला काही महिन्यांत दिसली. त्या पोरीचा मला इतका राग आला की चष्मा न देताच मी खाली उतरलो. संध्याकाळी बायको घरभर चष्मा शोधत होती. तो माझ्या खिशात होता. मी तो गुपचूप फ्रिजवर ठेवला आणि म्हणालो, "हा काय."

थंडी सुरू झाली तेव्हा नांदेडचं निघालं. गोदावरीच्या काठाजवळ एका मंगल कार्यालयात पाच दिवसांचं शिबिर होतं, रोज एक तत्त्व. ती बाई शिकवणार होती आणि मदतीला माझ्या बायकोला नेणार होती. शिवाय शेवटच्या दिवसाचं, आकाशाचं सत्र बायकोनं एकटीनं घ्यायचं.

"तू?" मी म्हणालो. "लोकांपुढं बोलणार तू?"

"बाई म्हणतात जमंल."

"आणि मी म्हटलं असतं तर?"

ती म्हणाली, "तुम्ही म्हटलंच न्हाई की कधी."

मी सांगितलं की मीही येतो. सोबत म्हणून, थंडीचे दिवस आहेत, एसटीचा प्रवास आहे. खरं म्हणजे मला घरी एकट्यानं बसून ती तिकडं काय करत असेल याचे विचार करायचे नव्हते. अहमदपूर, लोहा करत गाडी नांदेडला पोचेपर्यंत बायको आणि ती शिकवणारी पोरगी एका बाकावर बसून कुजबुजत होत्या. मी मागच्या बाकावर पिशव्या सांभाळत होतो.

शिबिरात माझं नाव पुरुषांच्या गटात, नवशिक्यांत. पहिल्या दिवशी वृक्षासनात शेजारचा किनवटचा एक शेतकरी डगमगत होता, तर माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "नजर समोर ठेव." बायको रांगांमधून फिरत होती. माझ्यापाशी आली, हळू आवाजात म्हणाली, "आपलं आपण करा, सर," आणि पुढं गेली. घरी ती मला 'अहो' म्हणते. तिथं सर म्हणाली, परक्या माणसाला म्हणावं तसं. माझा एका पायावरचा तोल गेला.

शेवटच्या दिवशी सकाळी थंडी चांगलीच होती. नदीकडून धुकं आलेलं, लांबून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू येत होतं. सगळे शाली गुंडाळून बसले. बायको पुढं बसली. तिच्यापुढं माईक ठेवला होता, तो तिनं बाजूला सरकवला. मला वाटलं, आता ही अडखळणार. खरं सांगायचं तर, मला वाटत होतं की तिनं जरा अडखळावं.

"डोळे मिटा," ती म्हणाली. सगळ्यांनी मिटले. मी मिटले नाहीत.

"आकाश म्हणजे वर बघायचं न्हाई," ती म्हणाली. घरात बोलते तशीच बोलत होती, उदगीरच्या वळणानं. "डबा असतो ना आपला, त्यात जी मोकळी जागा असते तिच्यामुळंच त्यात काही ठेवता येतं. तशी जागा आपल्या आत बी हाय. आपण ती लई भरून टाकली. आता घरात पाव्हणा आला की आपण काय करतो? सरकून बसतो. त्याला उठ म्हणत न्हाई, आपण सरकतो. तसं आतल्या आत सरका. राग आला असंल तर त्याला बी बसू द्या. दुखणं आलं असंल तर त्याला बी. तुम्ही जरासं सरका."

मग ती गप्प झाली. ते गप्प राहणं मला सहन होईना. माझ्या वर्गात मी असा एक क्षणही कधी रिकामा सोडला नव्हता. मी सगळ्यांकडं बघत होतो. किनवटच्या त्या शेतकऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. मला त्याचा हेवा वाटला. त्या सगळ्यांचाच. माझी बायको असलं बोलू शकते हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, आणि या माणसांना, ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती, त्यांना तिनं ते असंच देऊन टाकलं. माझ्या वाट्याला काय आलं होतं? भाजी काय करू, गॅस संपलाय, मुलीचा फोन आला होता.

सत्र संपल्यावर बायकांनी तिला गराडा घातला. एक म्हातारी तिचे हात सोडेना, "लई बरं वाटून राहिलं वं माय," म्हणत होती. मी शाल खांद्यावर टाकून घाटाकडं निघून गेलो.

थोड्या वेळानं ती आली. हातात डबा होता. पायरीवर माझ्याशेजारी बसून तिनं धपाटे आणि दही पुढं ठेवलं. मी हात लावला नाही.

"हे सगळं तुला बाईंनी पाठ करून दिलं?" मी विचारलं.

"न्हाई. मलाच सुचलं."

"मला कधी बोलली नाहीस असलं काही."

"तुम्हाला बोलायला गेलं की तुम्ही दुरुस्त करता," ती म्हणाली.

मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच लक्षात आलं की मी तिचं वाक्य दुरुस्तच करणार होतो. पाण्यावर धुकं हलत होतं. ती नदीकडं बघत बोलायला लागली, आवाज न चढवता.

"तुम्हाला आठवतं का, मी डबा घेऊन शाळेत यायची? कुंपणापाशी उभी राहायची, घंटा होईपर्यंत. खो-खो खेळताना पोरांचे गुडघे फुटायचे. तुम्ही पोराला मांडीवर घ्यायचे, हळद भरायचे, फुंकर घालायचे. मी बघायची. मला त्या पोरांची लई जळण व्हायची. वाटायचं, आपला बी गुडघा फुटावा." ती थांबली. "आन दुखायला लागला, तुमच्याकडं आले, तर सगळ्यांसमोर शिट्टी मारली तुम्ही. गुडघा सरळ, म्हणून ओरडले."

ते मला आठवतही नव्हतं. रोज मी कितीदा शिट्टी मारत असेन. त्यातली एक तिची होती.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्या वेळी त्याच्याही वर रागच आला. इतकी वर्षं हिनं हे पोटात ठेवलं आणि आज, तिचं कौतुक झाल्याच्या दिवशी काढलं.

"मग आता मी जळतोय," मी म्हणालो. "तुझ्यावर, त्या पोरीवर, त्या रडणाऱ्या माणसावर सुद्धा. झालं समाधान?"

तिनं माझ्याकडं वळून बघितलं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर उठून जाईल. पण तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं, लहान मुलीच्या तोंडावर येतं तसं चोरटं.

"हाव," ती म्हणाली. "जरासं झालं."

मग मी धपाट्याचा तुकडा मोडला. ती जरा सरकली, मलाही पायरीवर ऐसपैस बसता आलं. आम्ही सगळा डबा संपवला. त्या पोरीसाठी ठेवायचं होतं, ते राहिलंच नाही.

लातूरला परत आल्यावर मी लगेच तिच्या वर्गाला जायला लागलो, असं काही झालं नाही. माझा देवळापुढचा वर्ग चालूच आहे. चार-पाच जण येतात, त्यातले दोघे केवळ भीड म्हणून. मी अजून मोजतो. फक्त कुणाचा गुडघा दुखत असला तर आधी विचारतो, कुठं दुखतंय, कधीपासून. त्याचं उत्तर लांबतं आणि वर्ग रेंगाळतो.

शुक्रवारचा वर्ग आता बायकोच घेते. पुढच्या उन्हाळ्यात तिनं मला शुक्रवारी चला म्हटलं, आणि मी गेलो. आता शुक्रवारी जातो. मागं बसतो. मला ते जमत नाही. डोळे मिटले की आत सगळी गर्दी उठते, आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढं ही जळणच असते, कारण पुढं बायको बसलेली असते आणि आजूबाजूला सगळे तिच्या शब्दाची वाट बघत असतात. तिच्या सांगण्याप्रमाणे मी त्या जळणीला बसू देतो. ती बसते, पण ऐसपैस बसते. घरी विचारलं तर बायको म्हणते, "बसू द्या की. किती दिवस बसंल?" मी म्हणतो, तुझी किती दिवस बसली होती? त्यावर ती उठून भाकरी थापायला घेते.

परवाची गोष्ट. सकाळी दार वाजलं. एक तरुण बाई उभी होती, इथल्या जवळच्या मुरुडहून आलेली, पदर सावरत. "मॅडम आहेत का?" तिनं विचारलं.

आमच्या घरी कुणी मॅडम राहतात हे लक्षात यायला मला एक क्षण लागला. "आहेत," मी म्हणालो. "पूजेला बसल्यात. या, आत बसा. जरा वेळ लागतो त्यांना."

ती बसली. मी तिला पाणी आणून दिलं. आतल्या खोलीत बायकोची पाठ दिसत होती, न हलणारी, आणि आम्ही दोघंही आवाज न करता बसलो होतो.

"काका," ती बाई हळूच म्हणाली, "तुम्ही बी योग करता का?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं एक मोठं उत्तर होतं. मैदान, शाळा, इतकी वर्षं, इतकी पोरं. ते सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं.

"शिकतोय," मी म्हणालो. ते म्हणणं मला जड गेलं, हे तिला कळलं नसावं. तिनं मान हलवली आणि पाण्याचा पेला खाली ठेवला.